पाया खणायच्या आधी धुळीचं बोला

उन्हाळा आला की आपल्या मुरगुडात दारोदारी चटणीच्या मिरच्या वाळत पडतात. गेल्या वर्षी आमच्या शेजारी बांधकाम निघालं आणि क्रश सँडचा ढीग थेट रस्त्यावर पडला. चटणी दाताखाली कचकचली, ते एक वेळ चाललं. पण सासूबाईंचा दमा उचलला. शेजारच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, काम निम्म्यावर आलंय, आता ढीग कुठं हलवू?" त्यांचंही खोटं नव्हतं. घराचा नकाशा काढला तेव्हाच हे बोलायला हवं होतं.

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढा बारीक कण मात्र फुफ्फुसात खोल जाऊन बसतो. फरशी किंवा ग्रॅनाइट कोरडं कापताना जो पांढरा धूर उठतो, तो धूर नसतो, दगडाचं पीठ असतं. वर्षानुवर्षं ते श्वासात गेलं तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. पाट्या उचलणाऱ्या आपल्याच बाया तिथं दिवसभर उभ्या असतात.

हवेत धूळ मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारनं जानेवारी 2018 मध्ये नियम केले. माती-वाळू उघडी ठेवायची नाही, रस्त्याकडेला साहित्य टाकायचं नाही, उघड्यावर कापाकापी करायची नाही, काय काळजी घेतली त्याचा फलक जागेवर लावायचा. हवा सुधारण्यासाठी 2019 पासून केंद्राचा जो कार्यक्रम चालू आहे, त्याच्या यादीत कोल्हापूर आहे. मुरगूड नाही. म्हणून आपल्याकडं सक्ती करायला कोणी येणार नाही, आपणच विचारायचं. बांधकाम परवान्याचा अर्ज नगरपरिषदेत जातो, खेड्यात ग्रामपंचायतीत. तेव्हाच विचारा: वाळू प्लॉटात कुठं पडणार? ताडपत्री, हिरवी जाळी आणि शिंपायला पाणी खर्चात धरलंय का? फरशी पाणी सोडून कापणार का? नवीन प्लॉट पाडले असतील तर आधी रस्ता पक्का करून घ्या. नाहीतर प्रत्येक डंपर अख्ख्या गल्लीला धुळीनं आंघोळ घालतो.

बांधकामाची धूळ वर्षभराची. बंबाचा धूर मात्र घर उभं आहे तोवर, आणि नकाशात त्याचाच विचार कोणी करत नाही! आपल्याकडं पावसाळ्यात वारं पश्चिमेकडनं येतं. बंब पश्चिमेच्या भिंतीला बसवला की धूर आपल्याच घरात फिरतो. धुराडं छपराच्या वर काढा, शेजारणीची खिडकी कुठं आहे तेही बघा. जमलं तर छपरावर सोलरची जागा आत्ताच सोडा.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचा नकाशा या आठवड्यात इंजिनिअरकडं जातोय. त्यात बंब माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच आहे. उद्या चहाला जाते तिच्याकडं.