डाव्या हाताचा कलमचाकू

आंब्याची कलमं बांधायचा चाकू एकाच बाजूने घासलेला असतो. एका अंगाला उतार, दुसरं अंग अगदी सपाट. हे सपाट अंग काडीला टेकून सरकतं, म्हणून काप सरळ येतो. दोन्हीकडून घासलेलं पातं लाकडात शिरताना वळतं आणि काप मध्येच खोलगट होतो. मग खुंटाचा आणि कलमकाडीचा सालीखालचा जिवंत थर एकमेकांना टेकत नाही, आणि जोड धरत नाही.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कलमचाकूंचा उतार उजव्या हाताला सोयीचा असतो. माझा मामा डावखुरा. रत्नागिरी तालुक्यात त्याची छोटी रोपवाटिका आहे आणि पावसाळाभर तो कोय कलमं बांधतो. कोयीतून उगवलेलं पंधरवड्याचं रोप, पानं अजून तांबूस. त्याचा शेंडा छाटून खोडाला उभी चीर द्यायची आणि तीन-चार सेंटिमीटर तासलेली काडी पाचरीसारखी तिच्यात बसवायची. पाचरीची प्रत्येक बाजू एका ओढीत तासली गेली पाहिजे. हे सगळं तो इतकी वर्षं उलट्या पात्याने करत आला, मनगट मुरडून. पहिल्या पावसाच्या आत त्याच्या हाताचा चाकू त्याला द्यायचा, असं मी ठरवलं.

गावचे लोहारकाका कोयते आणि कुदळी करतात ते ट्रकच्या कमानपाट्याचे. त्या पोलादात कार्बन साधारण 0.6 टक्के. घाव सोसायला ते उत्तम, पण काकांनी ते बाजूला सारलं आणि कोपऱ्यातून एक झिजलेली चपटी कानस काढली. कानशीच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या वर असतो, त्यामुळे पातळ धारही टिकते. “याला लाकूड तोडायचं नाही, सोलायचंय,” ते म्हणाले. निवड का केली हे त्यांनी एवढ्यातच सांगितलं.

कानस आधी भट्टीत लाल करून राखेत गाडली. सावकाश निवल्यावर ती नरम झाली आणि मग तिचे दात घासून काढले. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. दात तसेच ठेवून घण मारला तर ते आत दुमडतात आणि पुढे पातं कडक करायला पाणी देताना नेमकी तिथूनच चीर जाते.

काकांची भट्टी असलेली पडवी अंधारी आहे. मी दार उघडं ठेवायला गेले तर त्यांनी ते लावायला सांगितलं. लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. नारिंगी रंगावर पोलाद घणाखाली मऊ वाटतं. पांढरट होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर ते जळू लागलं असं समजायचं. रंग गडद लालावर उतरला की घाव थांबले पाहिजेत, नाहीतर आत तडे जातात. कार्बन जास्त असल्यामुळे या दोन टोकांमधली जागा फार अरुंद असते. मी पंखा फिरवत होते, काका सांडशीत धरलेलं पातं ऐरणीवर फिरवत होते, आणि एवढंसं पातं पुन्हा पुन्हा निखाऱ्यांत जात होतं. घडाई झाल्यावर ते परत रात्रभर राखेत ठेवलं. आकार घासायचं काम माझं. उतार मात्र काकांनी अर्धवटच घासू दिला, कारण एका बाजूने पातळ आणि दुसऱ्या बाजूने जाड असलेलं पातं पाणी देताना तेलात गेलं की हमखास वाकतं.

पाणी द्यायची वेळ आली तेव्हा बोलणं थांबलं. काकांकडे जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक आहे. सुमारे 770 अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून आणखी थोडीच आच द्यायची, तीही टोकापासून मुठीपर्यंत सारखी. जास्त तापलं तर कण मोठे होतात आणि धार ठिसूळ होते. मग पातं सरळ उभं धरून कोमट शेंगदाणा तेलात सोडलं. साध्या पाण्यात एवढं पातळ पातं तडकण्याची भीती होती. बाहेर काढल्यावर ते किंचित बाकदार दिसलं. पोलाद पुरतं कडक व्हायच्या आत, हाताला चटका देण्याइतकं गरम असतानाच, काकांनी ते दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून सरळ केलं. धारेवर दुसरी कानस ओढून पाहिली, तर ती नुसती घसरली. याचा अर्थ पातं कडक झालं होतं. पण अशा अवस्थेत ते खाली पडलं तरी मोडेल.

म्हणून ते घासून चकचकीत केलं आणि तापलेल्या जाड पट्टीवर पाठीकडून टेकवलं. रंग पाठीकडून धारेकडे सरकत येतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. निळं पातं चिवट असतं, पण कलमाची धार त्यात राहत नाही. धारेवर फिकट पिवळा दिसताच, म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आतबाहेर, काकांनी ते उचललं. या सगळ्या कारागिरीतलं मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच. वर्षानुवर्षं कामाला येणारा गुण त्या थोड्या क्षणांत ठरतो, आणि चाकू तयार झाल्यावर त्याची खूण कुठेच दिसत नाही.

मूठ फणसाच्या लाकडाची. पात्याची शेपटी लाल करून मुठीच्या भोकात जाळत बसवली. तेवढा वेळ पात्याभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं होतं, नाहीतर दिलेलं पाणी उतरलं असतं. तोंडाला पितळी कडं घातलं. उरलेला उतार मी दगडावर घासला, मामाच्या हाताच्या हिशोबाने.

म्यानासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं. तिथे अजून बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं मिळतं. कातड्याची पिशवी शिवून, ती टांगून, तिच्यात साल-हिरड्याचा कस भरायचा, ही जुनी रीत. असं कातडं भिजवून चाकूवर दाबलं की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. क्रोमने कमावलेलं मऊ कातडं इतका घट्ट आकार धरत नाही. चपला करणाऱ्या एका कारागिराने मला शिवण शिकवली. रापीने कडा तासायची, आरीने भोकं पाडायची आणि चपलेला घालतात तशीच कातडी वादी ओवायची. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये त्यांनी एक जाड पट्टी घालायला लावली, म्हणजे पातं वादीला भिडत नाही. पट्ट्यात अडकवायचा फासा उलट्या अंगाला घेतला, डाव्या कमरेसाठी. खाली पाणी निथळायला एक भोक ठेवलं.

कोकणातल्या जुलैत ओलं कातडं पोलादाला गंज चढवतं, म्हणून रात्री चाकू म्यानात ठेवायचा नाही, पुसून खोबरेल लावून फळीवर ठेवायचा, हे मी मामाला देतानाच सांगितलं. त्याचं लक्ष नव्हतं. त्याने अंगणातली एक काडी तोडून एका ओढीत तासली, उलटून दुसरी बाजू तासली, आणि पाचर दुसऱ्या काडीच्या चिरेत घालून उजेडासमोर धरली. कुठे फट दिसते का ते बराच वेळ पाहिलं.

“पाठ जरा गोल करून दे,” तो म्हणाला. “अंगठा तिथे टेकतो.”

मी कानस आणली. त्याने अंगठा कुठे येतो ते पेन्सिलने आखून दिलं.