पारी की दॉर

(म. शी. झोपलेले पॅरिस). फ्रेंच अद्भुतरम्य विनोदी मूकपट. रने क्लेअर (१८९८–१९८१) या दिग्दर्शकाची ही पहिली चित्रकृती, कथाकल्पनाही त्याचीच. चित्रीकरण १९२३ मध्ये झाले, तरी चित्रपट प्रदर्शित झाला १९२५ मध्ये. दरम्यान क्लेअरचा आंत्राक्त (१९२४) हा लघुपट प्रेक्षकांपुढे आला होता. इंग्रजीत हा चित्रपट द क्रेझी रे या नावाने ओळखला जातो. क्लेअरच्या बोलपटांच्या मानाने तो अल्पपरिचितच राहिला.

आयफेल मनोऱ्याचा रखवालदार आल्बेर (आंरी रोलां) सकाळी जागा होतो, तेव्हा खालचे शहर निश्चल झालेले असते. घड्याळे तीन वाजून पंचवीस मिनिटांवर थांबलेली असतात व माणसे जागच्या जागी थिजलेली. मार्सेहून विमानाने आलेले पाच जण तेवढे त्याला हिंडतेफिरते भेटतात. एका शास्त्रज्ञाच्या किरणांनी हे घडविले असून उंचावरील लोक त्यांतून बचावले, असा उलगडा पुढे होतो.

चित्रपटाचे आकर्षण या चमत्कारापेक्षा त्याच्या परिणामांत अधिक आहे. सारे शहर हाती येताच ही मंडळी पैसा, दागिने व मेजवान्या यथेच्छ लुटतात. पण अल्पावधीतच कंटाळतात आणि मंडळीतील एकुलत्या स्त्रीवरून भांडू लागतात. देणारा व घेणारा दोघेही जागे असतील तरच पैशाला मोल, हे सत्य क्लेअर उपदेश न करता हसत हसत सांगतो. शहर पुन्हा जागे होते, तेव्हा पैशाची निकड परतते आणि जग पुन्हा थांबविण्याचा मोहही होतो.

दुसरे आकर्षण माध्यमाविषयीचे आहे. चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. ती थांबविता येते, तिची गती वाढविता येते. शास्त्रज्ञाचे यंत्र नेमके हेच करते. त्यामुळे येथील विनोद चित्रपटाच्या मूळ स्वभावातूनच निर्माण होतो; शब्दांवर तो अवलंबून नाही. मनोऱ्याच्या लोखंडी जाळीतून दिसणारे रिकामे पॅरिस हा आता त्या काळाचा दृश्य दस्तऐवजही ठरला आहे. २०२० मध्ये करोना साथीच्या टाळेबंदीने अनेक शहरे ओस पडली, तेव्हा या दृश्यांना अनपेक्षित अर्थ लाभला.

क्लेअरने पुढे ला तूर (१९२८) हा याच मनोऱ्यावरील अनुबोधपट काढला. द घोस्ट गोज वेस्ट (१९३५) व आय मॅरीड अ विच (१९४२) या त्याच्या अद्भुत विनोदपटांचे बीज पारी की दॉरमध्येच आढळते.