वेतनमर्यादा आणि राज्यांचा प्राप्तिकर : उत्तर अमेरिकेतील हॉकी-करारांच्या निमित्ताने

कराचा भार अखेर कोणावर पडतो, हा सार्वजनिक अर्थव्यवहाराच्या अभ्यासातील जुनाच प्रश्न आहे. कायदा ज्याच्याकडून कर वसूल करतो तोच तो सोसतो असे नाही. बाजाराच्या घडणीनुसार तो पुढे अथवा मागे सरकतो. या सरकण्याची वाटच कोणी नियमाने बंद केली तर काय होते, याचे एक बोलके उदाहरण उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक संघटनेत पाहावयास मिळते. येथे हॉकी म्हणजे मेजर ध्यानचंद यांची हॉकी नव्हे, तर बर्फावर चकती घेऊन खेळावयाचा खेळ, हे आरंभीच सांगितलेले बरे.

या संघटनेत ३२ संघ असून त्यांपैकी २५ अमेरिकेत व ७ कॅनडात आहेत. खेळाडू आणि मालक यांच्यातील वेतनविषयक तंट्यामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम वाया गेला आणि त्यातून जी तडजोड निघाली तिने २००५-०६ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा घातली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती; २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर ठरली. सधन संघांनी उत्तम खेळाडू विकत घेऊन स्पर्धेतील रस घालवू नये, हा या योजनेच्या समर्थनार्थ पुढे केलेला प्रमुख मुद्दा होय. मर्यादेत मोजली जाते ती कराराची वार्षिक सरासरी रक्कम, आणि तीही कर वजा करण्यापूर्वीची. खेळाडू मात्र करार पारखतो तो कर भरून हाती काय राहील यावरून. मोजण्याच्या या दोन मापांत जे अंतर आहे, त्यात सगळा प्रश्न साठलेला आहे.

आपल्याकडे घटकराज्यांना शेतीबाहेरील उत्पन्नावर प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार नसल्याने हे अंतर चटकन ध्यानात येत नाही. अमेरिकेत संघराज्याच्या प्राप्तिकराशिवाय बहुतेक राज्ये आपापला वेगळा प्राप्तिकर घेतात. कॅलिफोर्नियात त्याचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. न्यूयॉर्क राज्यात तो १०.९ टक्के असून न्यूयॉर्क शहराच्या रहिवाशांना त्यावर शहराचा आणखी कर द्यावा लागतो. उलट फ्लॉरिडा, टेक्सास, टेनेसी व नेवाडा ही राज्ये वेतनावर प्राप्तिकर घेत नाहीत; टँपा बे व फ्लॉरिडा पँथर्स, डॅलस, नॅशव्हिल आणि व्हेगस हे संघ तेथील आहेत.

तथापि फ्लॉरिडाचा खेळाडू राज्यकरांतून सर्वस्वी मुक्त आहे असे समजणे चूक ठरेल. खेळाडू ज्या राज्यात जाऊन खेळतो ते राज्य त्याच्या वेतनाच्या त्या प्रमाणातील भागावर कर घेते. त्यासाठी ‘कर्तव्यदिन’ मोजले जातात : हंगामपूर्व शिबिरापासून अखेरच्या सामन्यापर्यंतच्या सेवेच्या दिवसांपैकी किती दिवस त्या राज्यात गेले, याचे गुणोत्तर वेतनाला लावावयाचे. १९९१ च्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यांनंतर कॅलिफोर्नियाने शिकागोच्या खेळाडूंवर असा कर बसविला व इलिनॉय राज्याने लगेच जशास तसा कायदा केला, तेव्हापासून ही पद्धत विशेष फोफावली. प्राप्तिकर नसलेले टेनेसी राज्यही मागे राहिले नाही. २००९ च्या कायद्याने त्याने हॉकी व बास्केटबॉलपटूंवर दर सामन्यास २,५०० डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त ७,५०० डॉलर, असा व्यवसायकर लावला. तो वेतनाच्या प्रमाणात नसल्याने अल्पवेतनी खेळाडूस अधिक जाचक होता. हॉकीपटूंपुरता तो २०१४ साली रद्द झाला.

सारांश, परगावच्या दिवसांवरील कर सर्वच संघांच्या खेळाडूंना थोड्याफार फरकाने भरावा लागतो. खरा भेद पडतो तो स्वगृही घालविलेल्या दिवसांमुळे. घरचे सामने, सराव आणि शिबिर मिळून हे दिवस निम्म्याहून बरेच अधिक भरतात. उदाहरणादाखल ते ७० टक्के धरू. फ्लॉरिडातील संघ एका खेळाडूस वर्षाला १ कोटी डॉलर देतो असे समजा. संघराज्याचा सर्वोच्च दर ३७ टक्के आहे; अन्य राज्यांतील कर दोन्हींकडे सारखाच मानून सोडून दिला, तर त्याच्या हाती ६३ लाख उरतात. कॅलिफोर्नियातील संघाकडे प्रत्येक डॉलरमागे १३.३ टक्क्यांच्या ७० टक्के, म्हणजे सुमारे ९.३ सेंट आणखी जातात व ५३.७ सेंट उरतात. हाती तेच ६३ लाख पडावेत म्हणून तेथील संघाला सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर देऊ करावे लागतील.

हाच हिशेब २०१७ पूर्वीच्या कायद्याने केला तर निराळे उत्तर येते. त्या वेळी संघराज्याचा सर्वोच्च दर ३९.६ टक्के होता, परंतु राज्याला भरलेला कर उत्पन्नातून वजा करता येत असे. म्हणजे राज्यकराचा जवळजवळ दोन पंचमांश भार संघराज्याची तिजोरी उचलीत असे. (या वजावटीला इतर काही तरतुदींनी कात्री लागे, ती येथे विचारात घेतलेली नाही.) त्या हिशेबाने कॅलिफोर्नियाच्या संघाला १ कोटी १० लाखांच्या आसपास देऊन भागले असते. २०१७ च्या करसुधारणेने ही वजावट वर्षाला १०,००० डॉलरवर आणून ठेवली. २०२५ साली मर्यादा वाढविण्यात आली खरी, पण अति उच्च उत्पन्नाच्या व्यक्तींना ती पुन्हा १०,००० पर्यंतच उतरते. अर्थात हॉकीचा विचारही मनात नसलेल्या एका कायद्याने हॉकीसंघांतील अंतर १० लाखांवरून १७ लाखांवर नेले. या विषयावरील चर्चेत ही गोष्ट क्वचितच पुढे येते. माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे.

आता हे १७ लाख देतो कोण? वेतनमर्यादा नसती तर मालकाने ते आपल्या खिशातून दिले असते, अथवा तिकिटांच्या दरातून वसूल केले असते. मर्यादा गाठलेल्या संघाला ती वाट मोकळी नाही. एकाला अधिक दिलेले १७ लाख दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतात. मग तिसऱ्या-चौथ्या फळीत अनुभवी खेळाडूऐवजी कमी वेतनाचा नवखा उभा राहतो. मुळात पैशात मोजला जाणारा करभार अशा रीतीने संघाच्या बळात मोजला जाऊ लागतो.

हा परिणाम सर्व करारांवर सारखा होत नाही. तरुण खेळाडूचे हक्क एकाच संघाकडे असतात. त्याला निवडच नसल्याने करभार बहुतांशी त्यालाच सोसावा लागतो. साधारणतः २७ व्या वर्षी अथवा सात हंगामांनंतर तो मुक्त होतो, आणि तेव्हाच राज्याराज्यांतील दरांची तुलना करारात शिरते. बदली नाकारण्याचा हक्क ज्यांच्या करारात असतो, त्यांनाही तो वापरताना कराचा विचार करता येतो.

कॅनडातील संघांची अडचण याहून मोठी आहे. तेथे केंद्र व प्रांत मिळून सर्वोच्च दर ऑन्टॅरिओत ५३.५३ टक्के, क्वेबेकमध्ये ५३.३१ टक्के आणि आल्बर्टात ४८ टक्के आहे. यावर शोधलेला एक उपाय म्हणजे वेतनाचा मोठा भाग करारस्वाक्षरीच्या अधिदेयाच्या रूपाने देणे. कॅनडा व अमेरिका यांच्यातील करविषयक तहानुसार परदेशस्थ खेळाडूला करार करण्यास प्रवृत्त करण्यासाठी दिलेल्या अशा रकमेवर कॅनडाचा कर १५ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. जॉन टवारेस याने २०१८ साली टोरॉन्टोशी केलेल्या ७ वर्षांच्या ७ कोटी ७० लाखांच्या कराराचा बहुतांश भाग असाच होता. पहिल्या १ कोटी ५२ लाख ५० हजार डॉलरच्या अधिदेयास कॅनडाच्या महसूलखात्याने साधे वेतन ठरवून पूर्ण दराने कर आकारला, व २०२४ मध्ये टवारेसने त्यास करन्यायालयात आव्हान दिले. रक्कम ‘प्रलोभन’ की ‘मोबदला’, हा वाद वरवर शब्दांचा दिसला तरी कॅनडातील संघांना त्याचे मोल फार आहे.

जेतेपदांची यादी पाहिली तर शंका बळावते. २०२० व २०२१ मध्ये टँपा बे, २०२३ मध्ये व्हेगस, २०२४ व २०२५ मध्ये फ्लॉरिडा हे संघ विजेते ठरले. २०२० आणि २०२३ च्या अंतिम फेरीतील चारही संघ प्राप्तिकर नसलेल्या राज्यांतील होते. सॅम राइनहार्टने ५७ गोल केलेल्या हंगामानंतर २०२४ साली फ्लॉरिडाशी वर्षाला ८६ लाख २५ हजारांवर आठ वर्षांचा करार केला. तशा कामगिरीच्या मानाने ती रक्कम माफकच म्हणावी लागेल.

परंतु यावरून थेट कार्यकारणभाव काढणे अभ्यासकाला शोभणार नाही. हाच फ्लॉरिडा संघ १९९६ नंतर २०२२ पर्यंत बाद फेरीतील एकही मालिका जिंकू शकला नव्हता, आणि प्राप्तिकर त्या सर्व काळात तेथे नव्हताच. करसवलत ही कुशल व्यवस्थापनाच्या हातात पडली तरच फळते. गलथान कारभाराला तिचा उपयोग नाही. दुसरीकडे एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने ऑक्टोबर २०२५ मध्ये, ४८ टक्क्यांच्या प्रांतात राहून, पूर्वीच्याच १ कोटी २५ लाखांवर आणखी दोन वर्षांचा करार केला. त्याच्या मनात करांपेक्षा सहकाऱ्यांसाठी जागा राखण्याचा विचार प्रबळ असावा असे दिसते.

उच्च कराच्या ठिकाणी मर्यादा वाढवून द्यावी, ही सूचना वारंवार पुढे येते. तिच्यातील अडचण केवळ हिशेबाची नाही, जरी निवासस्थान, अधिदेय व प्रवास यांमुळे दोन सहकाऱ्यांचाही करदर एक नसतो. अधिक खोलवरची हरकत अशी की टोरॉन्टोतील जाहिरातींचे उत्पन्न किंवा फ्लॉरिडाचा हिवाळा यांची भरपाई कोणी मागत नाही. मग एकट्या कराचीच का? या हरकतीत तथ्य आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. हवामान हे रकमेत मोजता येत नाही. कर मात्र सेंटपर्यंत मोजता येतो, आणि ज्या मर्यादेमुळे त्याची भरपाई करता येत नाही ती निसर्गाने नव्हे, संघटनेनेच घातलेली आहे.

संघटनेचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी हा प्रश्न गंभीर मानलेला नाही, आणि २०२५ साली मालक व खेळाडू यांच्यात ठरलेल्या नव्या सामूहिक करारात करविषयक समायोजनाची तरतूद नाही. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार वेतनमर्यादा २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख व २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाख ठरली. तिच्याबरोबर वेतने वाढतील, पण राज्यकर वेतनाच्या प्रमाणात असल्याने संघासंघांतील अंतर टक्केवारीने आहे तेवढेच राहील.