संकेतस्थळाची पुनर्रचना : रंग बदलण्याआधी अक्षरे जपा

गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते. आठव्या शतकातील या कवीने 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत एक आशा व्यक्त केली आहे. आपल्या लेखनाची कदर करणारा समानधर्मी आज नसला, तरी पुढे केव्हातरी जन्माला येईल, अशी ती आशा. वैयक्तिक संकेतस्थळ काढणाऱ्याच्या मनातही बहुधा हेच असते. मात्र त्या अज्ञात वाचकापर्यंत मजकूर शाबूत पोहोचवणे किती अवघड असते, हे मराठी संकेतस्थळांच्या पहिल्या पिढीला अनुभवातून शिकावे लागले.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. पुढे अनेक हौशी मंडळींनी 'जिओसिटीज'सारख्या मोफत जागेवर आपली पाने थाटली. इंग्रजी पानांना फारशी अडचण नव्हती. मराठीची मात्र होती. संगणक प्रत्येक अक्षर आकड्याच्या रूपात साठवतो. त्या काळचे फाँट तयार करणारे रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या आकड्यांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसवत. परिणामी, वाचकाच्या संगणकावर नेमका तोच फाँट नसेल, तर मराठी लेखाऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी दिसे. शोधयंत्रालाही तो मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नसे.

यावर उत्तर होते युनिकोड. १९९१ मधील त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला होता. विंडोज २००० पासून घरगुती व कचेरीतील संगणकांवर त्याचा वापर शक्य झाला आणि जुन्या संकेतस्थळांच्या पुनर्रचनेची वेळ आली.

आमगावच्या एखाद्या शिक्षकाने २००१ मध्ये पदमपूरविषयीची पाने जुन्या फाँटमध्ये तयार केली होती, अशी कल्पना करू. नवी रंगसंगती आणि नवे मथळे हे त्यांच्यापुढचे शेवटचे काम ठरेल. पहिले काम मजकुराच्या रूपांतराचे. प्रत्येक फाँटची मांडणी निराळी असल्याने त्याचा तक्ताही निराळा लागतो. शिवाय जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचा क्रमही असाच बदलतो. त्यामुळे यंत्राने केलेले रूपांतर डोळ्यांखालून घालण्यावाचून गत्यंतर नसते. अन्यथा संशोधकांच्या नावांपासून शिलालेखांच्या वाचनापर्यंत चुका शिरतात.

दुसरे काम पत्त्याचे. 'याहू'ने १९९९ मध्ये विकत घेतलेले 'जिओसिटीज' ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले आणि असंख्य वैयक्तिक पाने मूळ जागेवरून नाहीशी झाली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनेट अर्काईव्ह'ने त्यांतील बरीच जतन केली, पण सगळी नव्हे. म्हणून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा, त्याचे नूतनीकरण चुकवू नये आणि मजकुराची प्रत स्वतःच्या संगणकावरही ठेवावी. पुनर्रचनेत पानांचे जुने पत्ते मोडू नयेत. मोडावेच लागले, तर वाचक तेथून आपोआप नव्या पानावर जाईल अशी सोय करावी. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते न बदलण्याचा आग्रह धरला होता.

संकेतस्थळ म्हणजे घर, अशी उपमा अनेकदा दिली जाते. घराला रंग देताना आपण भिंतीवरची आजोबांची तसबीर फेकून देत नाही. भवभूतीची नाटके आपल्यापर्यंत पोहोचली, कारण पिढ्यानपिढ्या कोणीतरी हस्तलिखितांच्या नकला करीत राहिले. फाँटचे रूपांतर आणि पत्त्यांची निगा ही आजच्या काळातील नकलनविशीच होय. ती झाली, तरच उद्याच्या समानधर्मी वाचकाला कोऱ्या पानाऐवजी मराठी अक्षरे भेटतील.