डुकरीण खरंच वाईट आई असते का?

डुकरिणीच्या आईपणाबद्दल एरवी कुणी चांगलं बोलत नाही. स्वतःचीच पिल्लं अंगाखाली चिरडते, प्रसंगी चावून मारते, एवढंच कानावर येतं. पिल्लं चिरडली जातात हे खरं आहे, तेही बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत. पण आई दोनशे किलोंची आणि पिल्लू जेमतेम सव्वा-दीड किलोचं. अंगावर चरबी जवळजवळ नाही, म्हणून ते उबेसाठी आईलाच चिकटतं. चीक पोटभर न मिळालेल्या, गारठलेल्या पिल्लाला वेळेवर बाजूला होता येत नाही. दोष मात्र आईवर.

पाळीव डुकरीण घरटं विसरली, हा आणखी एक समज. १९८०च्या सुमारास स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी एडिनबर्गजवळ फार्मवरची डुकरं झाडीच्या आवारात ठेवली. विण्याची वेळ आली तशा माद्या कळपापासून दूर गेल्या, नाकाडाने खळगा उकरला, गवत-फांद्या तोंडात धरून ओढून आणल्या. विण्याच्या साधारण एक दिवस आधी संप्रेरकं ही ओढ जागी करतात आणि पिल्लं चिरडू नयेत म्हणून विताना तिला ज्या पिंजऱ्यात ठेवतात, तिथेही ती जात नाही. मागे वळताही येऊ नये इतक्या अरुंद गजांत, पेंढ्याची काडी नसताना, ती पुढच्या पायांनी सिमेंट खरवडते, गज चावते. बघणारा म्हणतो, "फार तापट आहे ही!"

स्वभाव नसतोच असं नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, मोकळ्या गोठ्यात एकही पिल्लू न चिरडणाऱ्या माद्यांनी घरट्यासाठी जास्त खटपट केली होती. पिल्लाच्या किंकाळीवर त्या चटकन उठत आणि पिल्लांना वारंवार हुंगत. उलट पिल्लांना चावणाऱ्यांत पहिलारू जास्त. त्यातही माणसाला बिचकणारी मादी असेल तर सांभाळणाऱ्याची वागणूकही तपासायला हवी.

पिंजरा काढला की पिल्लं जास्त मरतील, ही भीती मला पूर्वी पटायची. स्वित्झर्लंडने १९९७ पासून दहा वर्षांची मुदत देऊन असे पिंजरे बंद केले. तिथल्या पिंजऱ्यांच्या आणि मोकळ्या गोठ्यांच्या शेकडो फार्मची तुलना झाली, तेव्हा दोन्हीकडे पिल्लांचे एकूण मृत्यू सारखेच, सुमारे १२ टक्के निघाले. मोकळ्या गोठ्यात चिरडून जास्त मेली, पिंजऱ्यात इतर कारणांनी. अर्थात नुसते गज काढून भागत नाही. वळायला जागा, पेंढा, आणि पिल्लांसाठी आई पोचणार नाही असा उबदार कोपरा लागतो.