समोच्चारी इंग्रजी शब्द आणि मराठी कान

काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातील एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या मौखिक परीक्षेस प्रस्तुत लेखक उपस्थित होता. तिच्या अभ्यासाचा विषय गावातील पडीक जमीन हा होता. इंग्रजीतून बोलताना तिने ‘वेस्ट लँड’ असे म्हटले. परीक्षकांनी ते ‘पश्चिमेकडील जमीन’ असे ऐकले आणि पूर्वेकडील जमीन का वगळली, असा प्रश्न केला. विद्यार्थिनी गोंधळली आणि पुढील सर्व उत्तरे तिने एकदोन शब्दांत आटोपली. विषयाचे ज्ञान तिला होते. उणीव होती ती एका स्वराची. अशा वेळी ‘उच्चार अशुद्ध’ एवढा शेरा मारून आपण मोकळे होतो. ही उणीव येते कोठून, याचा विचार येथे करावयाचा आहे.

समोच्चारी या एका नावाखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. काही शब्द इंग्रजांच्याच मुखी एकरूप झालेले आहेत. सूर्य आणि पुत्र या दोन्ही अर्थी ‘सन’, रात्र आणि शिलेदार या दोन्ही अर्थी ‘नाइट’. शिलेदारवाचक शब्दाच्या आरंभी पूर्वी ‘क्’ उच्चारला जात असे. पुढे तो मुखातून गेला, लेखनात तेवढा राहिला. येथे विद्यार्थ्याला वर्णलेखन शिकावे लागते, उच्चार नव्हे. दुसऱ्या प्रकारचे शब्द इंग्रजीत भिन्न असून मराठी मुखात आल्यावर एकरूप होतात. खरा प्रश्न यांचाच आहे.

‘वेस्ट’ हेच उदाहरण घेऊ. पश्चिम दिशा, कंबर, वाया गेलेले आणि अंगात घालावयाची बंडी, असे चार इंग्रजी शब्द देवनागरीत ‘वेस्ट’ असेच उमटतात. यांपैकी कंबर व वाया गेलेले हे दोन शब्द मूळ इंग्रजीतही समोच्चारी आहेत. उरलेले भेद मात्र आपण पुसतो, आणि त्याची कारणे दोन.

पहिले कारण ‘ए’ हा स्वर. पश्चिमवाचक शब्दात इंग्रज आखूड, स्थिर ‘ए’ उच्चारतो. वाया गेलेल्याच्या शब्दात त्याची जीभ ‘ए’पासून ‘इ’कडे सरकते. मराठीत या दोहोंनी अर्थभेद होत नाही, म्हणून दोन्हींसाठी आपण एकच ‘ए’ वापरतो. परिणामी लेखणी आणि वेदना दोन्ही ‘पेन’, कर्ज आणि तारीख दोन्ही ‘डेट’, चाचणी आणि चव दोन्ही ‘टेस्ट’ होतात. दुसरे कारण ‘व’ हे व्यंजन. बंडीच्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला घासतात. पश्चिमेच्या शब्दात दात लागत नाहीत, ओठ गोल होतात. मराठीचा ‘व’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी हलकेच उच्चारला जातो.

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. लिपीत ‘इ’ व ‘ई’ वेगळे असले, तरी मराठी शब्दात त्यांची लांबी बहुधा स्थानावरून ठरते. खीर, पीठ, मूल यांत स्वर दीर्घ. प्रत्यय लागून खिरीत, पिठात, मुलाला असे झाले की तोच स्वर ऱ्हस्व होतो. १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांतही उपान्त्य स्वराची ही व्यवस्था आहे. दिन-दीन, सुत-सूत यांसारख्या तत्सम जोड्या लेखनात भेद राखतात, पण बोलण्यात तो क्वचितच पाळला जातो. अशा सवयीचा विद्यार्थी जहाज आणि मेंढी या दोहोंना सहजच ‘शीप’ म्हणतो. शिवाय इंग्रजीतील हा भेद केवळ लांबीचा नाही. जहाजाच्या शब्दात जीभ किंचित खाली व सैल असते. म्हणून ‘ऱ्हस्व म्हणा’ एवढे सांगून भागत नाही.

भंडारा जिल्ह्यात या सर्वसामान्य कारणांना स्थानिक कारणांची जोड मिळते. झाडीबोलीत ‘श’च्या जागी ‘स’ येतो. शेताचे ‘सेत’ होते. त्यामुळे स्त्रीवाचक सर्वनाम आणि पाहणे हे क्रियापद दोन्ही ‘सी’ ठरतात, आणि चुकीच्या धास्तीने विद्यार्थी कधी कधी जेथे ‘स’ हवा तेथेही ‘श’ घालतो. दुसरी गोष्ट शेजारच्या हिंदीची. हा जिल्हा १९५६पर्यंत मराठी-हिंदी अशा संयुक्त प्रांतात होता आणि हिंदीचा सहवास आजही निकटचा आहे. मराठीने इंग्रजी स्वरासाठी अर्धचंद्र घेऊन ‘बँक’ लिहिले. हिंदीने ‘बैंक’ लिहिले. हिंदीतील तो ‘ऐ’ बहुधा एकेरी स्वर असतो, मराठीतील ‘ऐ’ मात्र ‘अइ’ असा जोडस्वर. दोन्ही लेखनपद्धती वाचणाऱ्या मुलाला एकाच चिन्हाची दोन मूल्ये सांभाळावी लागतात.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. पातळ या अर्थी ‘थिन’ आणि डबा या अर्थी ‘टिन’ यांत मराठी भाषक कधीच घोटाळा करीत नाही. वास्तविक इंग्रजीतील पहिला ध्वनी घर्षक आहे आणि आपला ‘थ’ महाप्राण स्पर्श. इंग्रजी ‘ट’ही आपल्याइतका मूर्धन्य नाही. ध्वनी दोन्हीकडे परके, तरी भेद शाबूत! ‘देन’ आणि ‘डेन’ यांचेही तसेच.

यावरून अध्यापनासाठी एक विवेक हाती येतो. ध्वनी वेगळा पण भेद कायम, ही एक गोष्ट. भेदच नष्ट, ही दुसरी. पहिलीस मराठी वळण म्हणावे आणि सोडून द्यावे. दुसरीसाठी मात्र शब्दांच्या जोड्या घेऊन आधी कानाला आणि मग जिभेला सराव द्यावा; कारण जो भेद ऐकू येत नाही, तो सहसा उच्चारताही येत नाही. आणि परीक्षकाच्या आसनावर बसणाऱ्या आपण सर्वांनी, पडीक जमिनीवरील प्रबंधात ‘वेस्ट’ कानी पडल्यास, पश्चिम दिशेकडे वळण्यापूर्वी संदर्भाकडे वळावे.