हिशेबाची वही संगणकात गेली. चावी कोणाकडे आहे?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने तो इन्साफाने लिहावा आणि त्याला साक्षीदार असावेत, ही शिकवण कुरआनने दिली आहे. सूरह अल-बकराच्या ज्या २८२ व्या आयतीत ती आली आहे, ती संपूर्ण कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. देणे-घेणे लिहून ठेवण्याला आपल्या दीनमध्ये किती महत्त्व आहे, हे कळण्यास एवढे पुरेसे आहे. आमच्या वाडवडिलांनी लाल बांधणीच्या वह्यांत हे काम केले. आज ती वही संगणकात गेली आहे. मालेगाव-भिवंडीच्या सूत-कापडाच्या पेढ्यांपासून मोहल्ल्यातील किराणा दुकानापर्यंत बिल संगणकावर निघते आणि उधारीही संगणकातच चढते.

मात्र आम्ही आमच्या व्यापारी बांधवांना एक प्रश्न विचारतो, तेव्हा अनेकांना उत्तर देता येत नाही. तुमचा हिशेब नेमका कुठे लिहिलेला आहे, आणि उद्या सॉफ्टवेअर बसवून देणारा आलाच नाही तर तो तुम्हाला उघडता येईल काय? पूर्वी वही तिजोरीत असे आणि तिजोरीची चावी मालकाच्या कमरेला. आता वही आपली, पण चावी दुसऱ्याकडे, अशी पुष्कळांची स्थिती झाली आहे.

पडद्यामागचा मुनीम

बिलाचा जो पडदा आपल्याला दिसतो, त्याच्या मागे एक मुनीम बसलेला असतो. त्याचे नाव डेटाबेस. गिऱ्हाइकाचे नाव, मालाचा साठा, जमा आणि नावे हे सारे तोच नोंदवतो आणि विचारताच काढून देतो. त्याची रीतही जुन्या मुनिमासारखीच आहे. मुनीम आधी रोजकीर्दीत नोंद करी आणि मग सवडीने खतावणी करी. पोस्टग्रेसक्यूएल नावाचा डेटाबेससुद्धा प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत लिहितो आणि नंतर मूळ तक्त्यांत चढवतो. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना तो ती रोजकीर्द वाचून राहिलेले काम पुरे करतो. एकाच्या नावे टाकले आणि दुसरीकडे जमा करायचे राहून गेले, अशी अर्धी नोंद तो ठेवत नाही. एकाच व्यवहाराच्या दोन्ही बाजू लिहिल्या जातात, नाही तर एकही नाही. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावांना या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

हा मुनीम पगार मागत नाही. पोस्टग्रेसचे काम १९८६ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. १९९६ पासून तो पोस्टग्रेसक्यूएल या नावाने ओळखला जातो. त्याची मालकी कोणत्याही एका कंपनीकडे नाही. देशोदेशीचे जाणकार तो मिळून घडवतात. त्याचा सोर्स कोड, म्हणजे तो ज्या मूळ लिखाणातून बनतो ते लिखाण, कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि वापरता येते. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

कंपनी विकली गेली, वही उरली

या खुलेपणाचा व्यापाऱ्याला काय लाभ, हे मायएसक्यूएलच्या कहाणीवरून कळते. फिनलंडचे मायकेल विडेनियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा डेटाबेस आणला. कंपनी स्वीडनची होती आणि नावातील ‘माय’ हे विडेनियस यांच्या मुलीचे नाव. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने सुमारे १०० कोटी डॉलरला ती विकत घेतली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, खुद्द सन कंपनी विकत घेण्याची घोषणा ओरॅकलने केली आणि जानेवारी २०१० मध्ये तो सौदा पुरा झाला. ओरॅकल ही स्वतः महागडे डेटाबेस विकणारी कंपनी. फुकट मिळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे ती काय करील, अशी चिंता जगभर पसरली.

सोर्स कोड बंद कपाटात असता, तर वापरणाऱ्यांना नव्या मालकाच्या मर्जीवर राहावे लागले असते. पण तो खुल्या परवान्याखाली होता. विडेनियस यांनी त्याच लिखाणावरून २००९ मध्ये मारियाडीबी हा नवा डेटाबेस सुरू केला आणि त्याला धाकट्या मुलीचे नाव दिले. २०१३ मध्ये विकिपीडियासारखा अवाढव्य ज्ञानकोश मायएसक्यूएल सोडून मारियाडीबीवर गेला. मायएसक्यूएलही बंद पडला नाही. ओरॅकलकडे तो आजही आहे आणि त्याची खुली आवृत्ती मिळते. दोन वर्षांत दोनदा मालक बदलले, तरी वापरणाऱ्यांची वही त्यांच्याच हाती राहिली. आमच्या मते खुल्या सॉफ्टवेअरची खरी किंमत इथे आहे. पैसे वाचतात ही त्यापुढची गोष्ट.

चोरीचा माल नको

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कुलूप तोडलेले, म्हणजे क्रॅक केलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर आमच्याही काही दुकानांत चालते. ‘सगळेच वापरतात’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतने संरक्षित असल्याचा निर्णय दिला आहे. कोणाच्या मेहनतीचा मोबदला बुडवून मांडलेल्या हिशेबात बरकत कशी येणार? ज्याला विकतचे परवडते त्याने विकत घ्यावे. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ओपन सोर्सचा हलाल मार्ग मोकळा आहे.

मुनीम फुकट, राखण आपली

मात्र फुकट मिळाले म्हणजे निश्चिंत झालो, असे समजू नये. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कारागिरांचे काम सांभाळणारी मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा एक अभियंता पोस्टग्रेसक्यूएलचा बिघाड दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवरील फोल्डर पुसायचे, ते त्याने चुकून मुख्य सर्व्हरवर पुसले. काही क्षणांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीतून साडेचार जीबीच उरले होते. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. त्या वेळी एकही धड कामी आली नाही. रोजचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या साधनाने घेतला जात असल्याने निघतच नव्हता, आणि ते कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तास आधी चाचणीसाठी कोणी एक प्रत काढली होती, तिच्यावरून काम सावरले. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने हे सारे जाहीरपणे सांगितले, ही तिची दियानत.

त्याच जानेवारीत दुसरा प्रकार घडला. तेव्हा खुल्या परवान्यावर असलेल्या मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे पडलेले होते. चोरांनी ते पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. दार उघडे टाकून झोपल्यास कुलूप कितीही चांगले असले तरी काय उपयोग?

मालकाने काय करावे

सर्व्हरचे तंत्र प्रत्येक व्यापाऱ्याला आले पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. पण मालकाने पुढील गोष्टी करून घ्याव्यात.

पहिली, बॅकअप रोज आपोआप निघावा. पोस्टग्रेसक्यूएलसाठी पीजी-डम्प आणि मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएल-डम्प ही साधने फुकट मिळतात. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुकानाबाहेर. दुकानाला आग लागली किंवा पाणी शिरले, तर तीच वाचेल.

दुसरी, महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. गिऱ्हाइकांची एकूण बाकी आणि मालाचा साठा मूळ वहीशी जुळतो का, हे मालकाने आपल्या डोळ्यांनी तपासावे. न तपासलेला बॅकअप म्हणजे ऐन वेळी फिरणारा साक्षीदार.

तिसरी, दार बंद असावे. मायएसक्यूएल ३३०६ आणि पोस्टग्रेसक्यूएल ५४३२ या क्रमांकाच्या दारावर बसतो. ही दारे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवू नयेत. प्रत्येक नोकराला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा. नोंद पुसण्याचा अधिकार सर्वांना नसावा.

चौथी, सर्वाधिकाराचा पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत असावा. काम देतानाच हे लेखी ठरवून घ्यावे.

पाचवी, आवृत्ती वेळेवर बदलावी. पोस्टग्रेसक्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षेच सांभाळली जाते.

जीएसटीत नोंदलेल्या व्यापाऱ्याने तर हे अधिकच मनावर घ्यावे. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवण्याचे बंधन त्या कायद्यात आहे. ‘संगणक बिघडला’ या सबबीवर ते सुटत नाही.

गरजेपुरतेच घ्यावे

दहा-वीस गिऱ्हाइके असलेल्या एकट्या कारागिराने सर्व्हरच्या फंदात पडू नये. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो. त्याच्यावर मालकी हक्क कोणाचाच नाही आणि अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीपासूनच असतो. त्यावर चालणारे साधे ॲप आणि वेळेवर काढलेली प्रत त्याला पुरे. ज्यांचा कारखाना किंवा गोदाम मोठे आहे, त्यांनी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट पाहावे. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन आणि खाती सांभाळणारे हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे आणि प्रामुख्याने मारियाडीबीवर चालते. ते बसवायला व राखायला माणूस लागेल, त्याची मजुरी मात्र द्यावी लागेल.

आमच्या शिकलेल्या तरुणांनाही इथे रोजगार आहे. सोर्स कोड खुला, शिकण्याची साधने खुली. एक जुना संगणक आणि चिकाटी असली की घरी सराव होतो. मोहल्ल्यातील पाच-दहा दुकानांनी मिळून असा एक तरुण नेमला, तर दुकानांचे हिशेब राखले जातील आणि त्याचेही घर चालेल.

वहीत फक्त आपलेच पैसे नसतात. कोणाचे देणे, कोणाची मजुरी, कोणी विश्वासाने ठेवलेली रक्कम तिच्यात लिहिलेली असते. ती अमानत आहे. तेव्हा आज दुकान वाढवण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा विचारावे की माझ्या वहीची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती शेवटची कोणी उघडून पाहिली?